नव्या गृहमातेस, रुजू होण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

आठ मुलांच्या लहानशा घरात गृहमाता म्हणून तू रुजू होतेस, हे कळलं. मुलाखतीत "मला मुलांची फार आवड आहे" असं सांगितलंस म्हणे. आवड हवीच, पण पहिल्या महिन्यात तिचा फारसा उपयोग होत नाही. ज्या मुलाला मोठ्या माणसांनी आज जवळ घेतलं आणि उद्या बदडलं, आज खाऊ आणला आणि उद्या स्टँडवर सोडून दिलं, त्याला तुझ्या मिठीचा भरवसा वाटणार नाही. सव्वासातचा नाश्ता रोज सव्वासातलाच मिळतो, काल रात्री ताट भिरकावलं होतं तरी आज मिळतो, यावर मात्र त्याचा हळूहळू विश्वास बसतो. मुलाला तुझा अंदाज बांधता आला पाहिजे. या पत्रातलं बाकी सगळं त्यासाठीच आहे.

मूल येतं ते बहुधा संध्याकाळ उलटल्यावर. सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे (मुलाला कुठे ठेवायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे) हजर करावंच लागतं, त्यामुळे दिवसभर पोलीस ठाणं, दवाखाना, समिती असं फिरून ते दमलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारून झालेले असतात. तू विचारू नकोस. समितीचा आदेश आणि वैद्यकीय तपासणीचा कागद तेवढा ताब्यात घे, अंगावर जखमा किंवा वळ असतील तर सोबत आलेल्यांसमोरच नोंद कर. मग मुलाला संडास, पिण्याचं पाणी, रात्रभर चालू राहणारा दिवा आणि तू झोपतेस ती जागा स्वतः नेऊन दाखव. रात्री घाबरलं तर कुठे यायचं हे त्याला झोपायच्या आधी माहीत हवं.

भुकेलेलं दिसतं म्हणून ताट भरून वाढायची घाई नको. फार दिवस उपाशी असलेल्या मुलाने एकदम पोटभर खाल्लं तर रक्तातल्या क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि ते जिवावरही बेतू शकतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी अंगणवाडीत मिळते. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली तर त्याच रात्री सरकारी दवाखाना गाठ. एरवी मऊ वरणभात थोडा थोडा, दोन-तीन तासांनी.

अंगावरचे कपडे कितीही कळकट असले तरी जाळायचे नाहीत. त्या फ्रॉकला आईचा वास असू शकतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध, वर नाव लिही आणि आठवडाभर ठेव. तेवढ्यात उवा आणि खरजेचे किडे मरतात. मग धुवायचे की नाही, हे मुलालाच विचार.

उवा झाल्या म्हणून डोकं भादरायची जुनी रीत आहे. ती सोड. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी केस जाणं म्हणजे मुलीला शिक्षाच वाटते. परमेथ्रिनचं १ टक्क्याचं लोशन धुऊन टिपलेल्या केसांना लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं, मग बारीक दातांच्या फणीने एकेक बट विंचरायची. लिखा सगळ्या मरत नाहीत, म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा तेच. खरजेचं मलम वेगळं, परमेथ्रिनचंच पण ५ टक्क्यांचं. डॉक्टरांना दाखवून मानेपासून तळव्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा लावून रात्रभर ठेवायचं, आठवड्याने पुन्हा. खाजवणाऱ्या एकट्या मुलाला औषध दिलं की ते पंधरा दिवसांत दुसऱ्याकडून परत घेतं. एकाच दिवशी सगळी मुलं, तू आणि स्वयंपाकाच्या मावशी, कोणालाही सूट नाही. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते. औषध लागू पडलं नाही असं समजून रोज मलम चोपडत बसलीस तर त्वचेची आग होते.

आता जेवणाबद्दल, कारण या घरातल्या निम्म्या लढाया तिथेच होतात. उशीखाली भाकरीचा तुकडा, दप्तरात वाळलेली पोळी, कपाटामागे केळ्याची साल सापडेल. ही चोरी नव्हे. उद्या मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या मुलाने केलेली ती सोय आहे. त्यावर ओरडलीस, झडती घेतलीस किंवा स्वयंपाकघराला कुलूप घातलंस तर त्याचा संशय खराच ठरतो आणि लपवणं वाढतं. त्यापेक्षा त्याला झाकणाचा एक डबा दे. त्यात फुटाणे, शेंगदाणे, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू असं न नासणारं काहीतरी ठेव. डबा त्याच्याच कप्प्यात राहील, रोज संध्याकाळी तू भरशील, आणि तो रिकामा का झाला हे विचारणार नाहीस. शिक्षा म्हणून डबा काढून घेणं तर अजिबात नाही. सुरुवातीला डबा रोज फस्त होईल. काही मुलांचं लपवणं महिन्यात थांबतं, काहींना वर्षही लागतं. डबा भरलेलाच राहू लागला की समजायचं, पोटाची भीती ओसरते आहे. ताटात काही टाकलं तर टाकू दे. "अन्न टाकू नये" हा आपल्याकडचा चांगला संस्कार आहे, पण तो दुसऱ्या वर्षी.

अंथरूण ओलं होणं नेहमीचंच. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर असे दोन थर घाल. रात्री वरचा थर ओढून काढला की खाली कोरडं अंथरूण तयार, दिवे लावून सगळ्यांना जागं करायला नको. पाणी दिवसा भरपूर द्यायचं, झोपण्याआधीचे दोन तास कमी. मूल बद्धकोष्ठाने हैराण असेल तर आधी त्याचं बघ, कारण तुंबलेलं पोट मूत्राशयावर दाब देतं. लघवी करताना जळजळ किंवा एकाएकी वाढलेली तहान असेल तर लघवी-रक्ताची तपासणी करून घे. ओल्या गाद्या दर्शनी अंगणात वाळत घालू नकोस. शाळेत जाणाऱ्या मुलांना त्या दिसतात.

पहिले काही आठवडे मूल पाहुण्यासारखं वागेल. सांगितलेलं ऐकेल, भांडी घासेल, तुला "आई" म्हणेल. खूश होऊन त्याची फुशारकी मारू नकोस. घर टिकणारं आहे असं वाटायला लागलं की ते परीक्षा घेईल: शिव्या, थुंकणं, तुझ्या पर्समधले वीस रुपये, लहानग्याला चिमटा. याच टप्प्यावर अनेक संस्था "हे मूल इथे रुळत नाही" असं लिहून ते दुसरीकडे पाठवतात. मग पुढच्या घरात तीच परीक्षा जास्त कडक होते. "परत पाठवीन" हे वाक्य रागातही तोंडून जाता कामा नये. खोलीत एकटं कोंडणं किंवा कोपऱ्यात उभं करणंही नको. टाकून दिलेल्या मुलाला एकटेपणाचीच शिक्षा देऊन काही शिकवता येत नाही. धोक्याची वस्तू दूर कर, बाकीच्यांना बाहेर पाठव, हातभर अंतर राखून खाली बस आणि कमी बोल. शांत झाल्यावर परिणाम द्यायचा, तोही त्या कृतीशी जुळणारा: सांडलं ते पुसायचं, फाडलं ते चिकटवायचं. मारणं तर कायद्यानेच बंद आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८२ प्रमाणे संस्थेत मुलाला शिस्तीच्या नावाखाली मारलं तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, पुढच्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

याच्या उलट जातीचं मूल जास्त फसवतं. दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडतं, अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसतं. पाहुणे म्हणतात, किती गोड! ती धोक्याची खूण आहे. एकच माणूस सतत आपला नसला की मूल सगळ्यांनाच आपलं करू पाहतं. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्यातल्या काही मुलांना कुटुंबात ठेवलं गेलं, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचा एका माणसाशी घट्ट बंध जुळण्याची शक्यता नंतर गेलेल्यांपेक्षा जास्त दिसली. तुझ्याकडची मुलं त्याहून मोठी असतील. तरी हताश व्हायचं कारण नाही, वेळ जास्त लागेल एवढंच. पाहुण्यांना नमस्कार करायचा, मांडीवर बसायचं नाही, ही घराची रीत कर आणि ती पाहुण्यांनाही सांग.

पाहुण्यांवरून आठवलं. आपल्याकडे स्वतःच्या मुलाचा वाढदिवस आश्रमात साजरा करायची हौस फार. केक येतो, टोप्या येतात, रांगेत बसवलेल्या मुलांचे फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतात. बाल न्याय अधिनियमाच्याच कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्याआधी त्या मुलाकडे बघ. दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायच्या आणि स्वतःची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची १ जून! देणगीदाराला नम्रपणे सांग की धान्य, वह्या, गादी, दंतवैद्याचं बिल चालेल, समारंभ नको. जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलाला त्याचा दिवस स्वतः निवडू दे आणि त्या दिवशी फक्त त्याच्या आवडीचा स्वयंपाक कर.

कपडे एकाच ताग्यातले शिवून आले तर ते परत कर, निदान तक्रार तरी कर. दात घासायचा ब्रश, टॉवेल, कप्पा, चप्पल ज्याची त्याची. "सामायिक" हा शब्द या घरात फक्त टीव्हीला लागू.

मुलांना खरं सांगायचं. "आई गावाला गेली" म्हटलं की मूल वर्षभर फाटकाकडे बघत बसतं आणि खरं कळल्यावर तुझ्यावरचाही विश्वास जातो. आई तुरुंगात असेल तर लहानाला सांग, "मोठ्या माणसांचा एक नियम मोडला म्हणून तिला दुसरीकडे राहावं लागतंय, तुझ्यामुळे नाही." शेवटचे दोन शब्द दरवेळी. तपशील वयानुसार वाढवायचे. प्रत्येकासाठी शंभर पानी वही कर: कुठून आलं, कोणत्या तारखेला, पहिला मित्र कोण, कधी दात पडला. आजारी बापाचा एकुलता एक फोटो असला तर त्याची प्रत वहीत, मूळ फोटो फाईलमध्ये. तुला "आई"च म्हणावं असा आग्रह नको. ताई, मावशी, माई, जे जिभेवर येईल ते.

आणि यातली बरीच मुलं अनाथ नसतातच. कोणाची आई विधवा आणि बेकार, कोणाचा बाप दारूत. संस्था हा शेवटचा पर्याय, असं कायदाच म्हणतो. म्हणून भेटीला आलेल्या आईला चहा दे. भेटीनंतर मूल बिथरतं, जेवत नाही, भांडतं, आणि लगेच कोणीतरी सुचवतं की भेटी बंद करा. तो विरह आहे, भेटीचा दुष्परिणाम नव्हे. त्या संध्याकाळी गृहपाठ माफ कर आणि मुलाजवळ राहा. आईला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची माहिती दे. २०२३ पासून त्यात मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. काही घरांना तेवढा आधारही मूल परत नेण्यासाठी पुरतो.

एखादं मूल अत्याचाराबद्दल बोललं तर ऐक. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस, खोदून विचारू नकोस, त्याचेच शब्द तारीख-वेळेसह लिही आणि पोलिसांना कळव. १०९८ ही हेल्पलाईन चोवीस तास चालू असते. "आधी आपण आत चौकशी करू" असं वरिष्ठ म्हणाले तरी थांबायचं नाही. पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, न कळवणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत. मोठी मुलंही लहानांना त्रास देतात. आंघोळीच्या वेळा वेगळ्या, एका अंथरुणात दोघं नाहीत, आणि रात्री तुझी एक फेरी, रोज वेगळ्या वेळी. तुझ्या दिनक्रमात अंदाज बांधता न येणारी एवढीच एक गोष्ट असू दे.

रोजच्या नोंदवहीत विशेषणं नकोत. "हट्टी आहे" यातून समितीला काहीच कळत नाही. "७.४० ला ताट फेकलं, ७.१० ला मामाचा फोन आला होता" यातून कळतं. महिन्याभरात असल्या नोंदींतून मूल कशाने पेटतं ते तुलाही दिसायला लागेल.

पंधराव्या वर्षापासून अठराव्याची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडायची, तयारी. घरात सगळं आयतं मिळालेल्या मुलाला गॅस सिलिंडर कितीला येतो हे ठाऊक नसतं. दोनशे रुपये देऊन मंडईत पाठव, भाजी आणि हिशेब दोन्ही मागव. एसटीने एकट्याला तालुक्याला जाऊन यायला लाव. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि त्याच्या नावाचं बँक खाते अठराच्या आत हवं. आईवडील दोन्ही नसतील तर अनाथ प्रमाणपत्रही. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राशिवाय त्याचा उपयोग शून्य. अठरानंतर अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, सोय २१ वर्षांपर्यंत मिळू शकते. तिचा अर्ज आधीच करायचा, मूल रस्त्यावर आल्यावर नाही.

राहिली तुझी सुटी. ती घेच, पण मूल झोपलेलं असताना मागच्या दाराने जाऊ नकोस. तीन दिवस आधी सांग, कॅलेंडरवर परत यायच्या तारखेला खूण कर, रोज ठरल्या वेळी फोन कर आणि त्याच तारखेला ये. एसटी चुकली तर तेही फोन करून सांग. रुजू होण्याआधी अधीक्षकांकडून तीन गोष्टी लेखी घे: आठवड्याची सुटी कोणत्या वारी, तेव्हा मुलांजवळ कोण राहणार (दरवेळी तीच व्यक्ती हवी), आणि रात्री दोन वाजता मूल तापाने फणफणलं तर गाडी कोणाची. तिसऱ्याचं उत्तर "बघू तेव्हा" असं आलं तर जवळच्या रिक्षावाल्याचा नंबर स्वतःच घेऊन ठेव.

तुझ्या,
दोघी मावश्या