लाल-हिरवं मशीनच छापतं, मग मुलीनं शिकायचं काय?

सिंहगड रोडवरून एका आईचं पत्र आलंय. लेक बी.ऑप्टोमच्या, म्हणजे डोळे तपासणीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे, पुढचं वर्ष इंटर्नशिपचं. ऑप्टिक नर्व्हचे, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे, स्कॅन वाचायला शिकवणारा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स तिला कुणीतरी सुचवला. फी पंचावन्न हजार, त्यातले पाच हजार भरून झालेत. वडिलांचं म्हणणं, ‘रिपोर्टवर मशीनच लाल, पिवळं, हिरवं छापतं, त्यात वाचायचं काय?’ आणि लेकीला धास्ती, की थोड्या वर्षांत हे सगळं एआयच करेल. आई विचारते, उरलेले पैसे भरू का?

ताई, नमस्कार.

इतक्यात भरू नका. पण वडील म्हणतात त्या कारणासाठी नव्हे. वाचायला भरपूर आहे.

हे स्कॅन काढणारं ओसीटी मशीन डोळ्याच्या या नसेभोवती साधारण 3.4 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ धरून तिथल्या मज्जातंतूंच्या थराची जाडी मोजतं. निरोगी मोठ्या माणसात ती सरासरी 90 ते 100 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. काचबिंदूत हा थर झिजतो, आणि पेशंटला बराच काळ पत्ताच लागत नाही. मोजलेली जाडी मशीन त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या आकड्यांशी ताडून बघतं. सगळ्यात पातळ एक टक्क्यात आली की लाल, पाच टक्क्यांत आली की पिवळी. लाल रंगाचा अर्थ एवढाच, की इतका पातळ थर निरोगी लोकांत क्वचित दिसतो. आजार आहे असं मशीन कुठेच म्हणत नाही. ते कुणीतरी ठरवायचं असतं.

आता हिंजवडीत काम करणारा पंचविशीतला एखादा मुलगा घ्या, चष्म्याचा नंबर उणे सात. त्याच्या रिपोर्टवर वरच्या आणि खालच्या बाजूला लाल पट्टे येतात आणि घरचे हबकतात. रिपोर्टवरचा जाडीचा आलेख नीट पाहिला तर वरच्या आणि खालच्या जाड भागांचे दोन्ही उंचवटे शाबूत असतात, फक्त कानाच्या बाजूला सरकलेले. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत असं बरेचदा होतं, आणि मशीनकडच्या तुलनेच्या आकड्यांत असे डोळे फारसे नसतात. उलटही घडतं. सगळं हिरवं, पण खालच्या बाजूला एक बारीक खाच, जी सरासरीत बुडून जाते. ती सुटली तर जास्त महागात पडते.

त्याच्याही आधी, स्कॅन विश्वासाचा आहे का ते बघावं लागतं. काही मशीनवर सिग्नलची ताकद दहापैकी देतात, सहाच्या खाली असेल तर त्या आकड्यांवर विसंबत नाहीत. पेशंटनं पापणी मिटली की प्रतिमेत काळा पट्टा येतो. वर्तुळ नसेवर नीट बसलं नसेल तर एक बाजू जाड आणि दुसरी पातळ दिसते. थराची कड आखताना मशीन मध्येच घसरतं आणि जाडी जवळजवळ शून्य दाखवतं. आणि रिसेप्शनवर जन्मसाल चुकीचं टाकलं तर? तुलना भलत्याच वयाशी होते, रंग बदलू शकतो! ही चूक नस बघून सापडत नाही, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बघावं लागतं.

ही नजर व्हिडिओ पाहून येत नाही. नवशिक्यांना शिकवायची चांगली रीत म्हणजे रंग झाकून स्कॅन द्यायचा, मुलीनं आपलं मत कागदावर लिहायचं, मगच जाणकाराचं उत्तर दाखवायचं. सोपे, अवघड आणि बिघडलेले स्कॅन मिसळून द्यायचे, कारण सगळे काचबिंदूचेच दिले तर मुलं प्रत्येक डोळ्यात काचबिंदू शोधायला लागतात. तेच स्कॅन काही दिवसांनी क्रम बदलून पुन्हा द्यायचे. स्वतःचंच मत बदलतंय का, हे तेव्हा कळतं. आणि स्कॅनच्या शेजारी त्या पेशंटची फील्ड टेस्ट (नजरेच्या घेरात कुठे कमी दिसतं ते बघणारी तपासणी), डोळ्याचं प्रेशर आणि नसेचा फोटो हवाच. नुसत्या ओसीटीवर मत देणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

ही सगळी सामग्री तुमच्या लेकीला इंटर्नशिपमध्ये फुकट मिळू शकते. पुण्यात ससून आहे, महंमदवाडीचं देसाई नेत्र रुग्णालय आहे, काचबिंदू बघणारे बरेच डॉक्टर आहेत. पोस्टिंग मागताना तिनं काचबिंदू विभाग आवर्जून मागावा, आणि स्कॅन काढायच्या खोलीत आधी काही आठवडे काढावेत. हलणाऱ्या आजोबांचा स्कॅन स्वतः काढला, की खराब स्कॅन लगेच ओळखू येतो. रोजचे काही स्कॅन वहीत, पेशंटचं नाव न लिहिता, आपल्या मतासह टिपायचे आणि आठवड्यातून एकदा सरांना किंवा मॅडमना दाखवायचे. सर वैतागतील, मागे लागायचं.

एआयबद्दल लेकीची भीती अगदी खोटी नाही. रंगांवरून ढोबळ वर्गवारी करणं हे काम कमी होईल. पण एआयला शिकवायला जाणकारांनी आधी वाचलेले स्कॅनच लागतात, आणि बिघडलेला स्कॅन दिला तर तेही फसतं. अशा कामासाठी ग्रेडर, म्हणजे स्कॅन वाचून त्यांची वर्गवारी करणारी माणसं, लागतात. काम देणारे त्यांची आधी परीक्षा घेतात, जाणकारांच्या उत्तरांशी मेळ बसला तरच काम देतात. निदान आणि उपचार मात्र नेत्रतज्ज्ञच ठरवणार, हे तिनं धरून चालावं.

कोर्सच्या सर्टिफिकेटचं म्हणाल तर ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून तिची ओळख पदवीवर ठरेल. अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा 2021 चा कायदा नोंदणीसाठी मान्यताप्राप्त शिक्षण मागतो, तीन महिन्यांच्या कागदानं ते भागत नाही. पुढे शिकायचंच असेल तर तो पैसा एम.ऑप्टोमसाठी राखून ठेवा.

तरीही कोर्सवाल्यांना एक फोन करा. मूळ स्कॅन उघडायला देता की नुसती छापील पानं दाखवता? मुलीनं लिहिलेलं मत कोण तपासतं, आणि ती व्यक्ती काचबिंदूचे पेशंट बघते का? फील्ड टेस्ट सोबत देता का? तिन्हींची सरळ उत्तरं आली तर इंटर्नशिपचे सहा महिने झाल्यावर, तिला गरज वाटली तर, पुन्हा विचार करता येईल. उडवाउडवी झाली तर पाच हजार परत मागा, आणि मागणी ईमेलनंच करा, नुसत्या फोनवर नको.