जुन्या लेखांतील शब्द आणि आजचे वाचक

प्रश्न : आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत जुन्या हस्तलिखितांतील निवडक लेख व छायाचित्रे पुन्हा छापायची आहेत. त्या लेखांत ‘रेड इंडियन’, ‘एस्किमो’, ‘रानटी टोळ्या’, ‘वनवासी’ असे शब्द ठिकठिकाणी आहेत. काही सहकाऱ्यांच्या मते त्या काळी हे शब्द कोणाला खटकत नव्हते, म्हणून ते तसेच ठेवावेत. आमच्या वर्गांत पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी मुलेही आहेत. काय करावे?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : हे शब्द कोणाला खटकत नव्हते, हे म्हणणे मला मान्य नाही. ज्यांच्याविषयी ते वापरले जात, त्यांना ते तेव्हाही खटकत होते. फक्त त्यांचे म्हणणे छापून येत नव्हते. १९४८ मध्ये संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांनी ‘वनजाती’ या शब्दाला स्पष्ट आक्षेप घेतला होता आणि अनुवादात ‘आदिवासी’ हाच शब्द यावा, अशी मागणी केली होती. महाराष्ट्रात पुढे ‘अनुसूचित जमाती’ ही संज्ञा रूढ झाली आणि दाखल्यांवर, शासकीय कामकाजात आज तीच योग्य आहे. मात्र लोकांनी स्वतःसाठी अभिमानाने स्वीकारलेला शब्द ‘आदिवासी’ हाच आहे. ‘वनवासी’ म्हटल्याने माणूस राहतो कुठे एवढेच सांगितले जाते आणि या भूमीवरचा त्याचा आद्य हक्क बाजूला पडतो, म्हणून अनेक आदिवासी संघटना तो शब्द नाकारतात. त्यांचे म्हणणे मला पटते.

शब्दाने केवळ मन दुखावते असेही नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींवर जन्मतःच ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या, तरी चोरीची बातमी आली की पारधी वस्तीकडे बोट दाखवण्याची सवय अजून सुटलेली नाही.

परदेशातील समाजांविषयी लिहिताना ‘रेड इंडियन’ हा शब्द टाळावा आणि शक्य तेथे नवाहो, चेरोकी असे नेमके नाव द्यावे. कॅनडातील १८७६ च्या कायद्याच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द अजून आहे आणि अमेरिकेतील काही लोक स्वतःही तो वापरतात, म्हणून कायद्याचे वा संस्थेचे नाव बदलून लिहू नये. ‘एस्किमो’च्या जागी सरसकट ‘इन्युइट’ लिहिणेही बरोबर नाही, कारण अलास्कातील युपिक लोक स्वतःला इन्युइट म्हणवत नाहीत. जाणीव किती बदलली आहे ते पाहा: २०१६ मध्ये अमेरिकेने आपल्या दोन जुन्या कायद्यांतून ‘एस्किमो’ हा शब्द काढला आणि २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने ‘रेडस्किन्स’ (लाल कातडीचे) हे नाव सोडले. ही नावे बदलावीत म्हणून त्या समाजांतील लोक कितीतरी वर्षे भांडत होते.

आता आपल्या स्मरणिकेविषयी. जुन्या लेखाची संहिता गुपचूप बदलू नये; लेखाखाली मूळ साल द्यावे आणि हा शब्द आज का वापरत नाहीत, हे दोन ओळींच्या तळटीपेत सांगावे. प्रस्तावना, मथळे आणि छायाचित्रांखालच्या ओळी आपण आज लिहिणार आहात, तेथे जुन्या शब्दांना सबब नाही. ज्या लेखाचा सारा भर ‘रानटी’पणाच्या वर्णनावर आहे, तो निवडूच नये.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. त्यांत कोकणा, भिल्ल, महादेव कोळी, वारली, कातकरी असे वेगवेगळे समाज आहेत, म्हणून जेथे समाज माहीत आहे तेथे नुसते ‘आदिवासी’ लिहून थांबू नये.

स्नेहसंमेलनांच्या छायाचित्रांकडेही लक्ष द्यावे. अंगाला काळा रंग फासून, कमरेला पाने बांधून, ‘झिंगालाला’ ओरडत नाचणारी मुले ‘आदिवासी नृत्य’ म्हणून छापली गेली, तर सुरगाण्याहून आलेल्या विद्यार्थ्याने ते पान घरी कसे दाखवावे? त्याच्या गावी पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यावर नाच होतो, बोहाडा या उत्सवात मुखवटे घालून देवांची सोंगे निघतात. त्याच्या पालकांना विचारून एखादे खरे छायाचित्र मिळवावे आणि त्याखाली गावाचे व समाजाचे नाव ते सांगतील तसे छापावे.