एकच घड्याळ

प्रिय लेखिके,

सातही प्रकरणं वाचली. तुझी नायिका पहिल्यांदा त्या दुसऱ्या जगात जाते तेव्हा तिकडची एक रात्र म्हणजे इकडचा महिना. दुसऱ्या खेपेला तिकडे आठवडा जातो आणि इकडे जेमतेम तासभर. का? अडलीस ती इथेच. घड्याळ एकच ठेव.

‘माबिनोगिऑन’ या वेल्सच्या मध्ययुगीन कथासंग्रहात घड्याळं तयार आहेत. प्विल हा राजा एक वर्ष अराऊनच्या रूपात आनूनमध्ये, म्हणजे अराऊनच्या अद्भुत परलोकात राहतो, तेव्हा त्याच्या राज्यातही वर्षच सरतं. तिथे वेळ सारखीच चालते, बदलतो तो माणूस. दुसऱ्या कथेतला रोनाब्वी हा योद्धा पिसवांनी भरलेलं अंथरूण सोडून पिवळ्या बैलाच्या कातड्यावर झोपतो आणि तीन दिवस, तीन रात्री स्वप्नात जुन्या राजा आर्थरच्या काळात वावरतो. त्याच्यासारखी खुजी माणसं आता हे ब्रिटनचं बेट राखतात, याचं आर्थरला वाईट वाटतं. भूतकाळाने आपल्याला असं जोखणं, हे किशोर वाचकाला किती झोंबेल बघ!

पण तुला हवं आहे ते ग्वालेसचं घड्याळ. ब्रिटनचा महाकाय राजा ब्रान याचं तोडलेलं मस्तक घेऊन युद्धातून वाचलेले सातजण वेल्समधल्या हारलेखला सात वर्षं मेजवानीत घालवतात, मग ग्वालेस बेटावर ऐंशी. कुणी म्हातारं होत नाही, कुणाला दुःख आठवत नाही. कॉर्नवॉलकडचं दार तेवढं उघडायचं नाही. सांगितलं ते खरं का, एवढंच बघायला हायलिन ते उघडतो आणि गमावलेली माणसं सगळ्यांना एकदम आठवतात. इथे काळाची किंमत वयात नाही, आठवणीत मोजली जाते. मग तुझ्या नायिकेचे केस कशाला पिकवतेस? तिला आईचा चेहरा विसरू दे, आणि परतताना सगळं एकदम आठवू दे.

आता काम. प्रत्येक प्रकरणासाठी तीन रकाने: तिकडचे दिवस, इकडचे दिवस, काय विसरली. बंदी तिसऱ्या प्रकरणाच्या आत सांगून टाक. शेवटाजवळ सांगितलीस तर ती लेखकाची सोय वाटते. दार एकच. दुसरं उघडलंस की परत घड्याळं दोन झाली. याला कुणी माझा जुनाट हट्ट म्हणेल. म्हणू देत. एकदा सवलत दिली की पुढच्या संकटात वाचक घाबरतच नाही, नवा नियम येईल म्हणून निवांत बसतो.

आणि हो, हारलेखचा किल्ला काढून टाक. तो इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1283 मध्ये बांधायला घेतला. ब्रान बसतो तो समुद्रावरच्या उघड्या खडकावर.

आठवं प्रकरण रकाने भरल्याशिवाय पाठवू नकोस.