फासकीविरोधात काम सुरू करतोयस तर
फासकी म्हणजे जनावर पकडायला लावलेला तारेचा फास. निवेदनात ‘फासकीवर बंदी घाला’ एवढंच लिहू नकोस. बंदी आहेच. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधल्या शिकारीच्या व्याख्येतच फास आणि सापळा लावणं येतं. वेल्समध्ये 2023 साली आणि स्कॉटलंडमध्ये 2024 साली फासांवर बंदी आली, तिथे त्यासाठी नवा कायदा करून घ्यावा लागला. आपलं भांडण अंमलबजावणीचं आहे. म्हणून मागणी नेमकी कर: बागांच्या कडेने नियमित गस्त आणि सापडलेल्या प्रत्येक फासकीचा पंचनामा.

फासकी ओळखायला शीक. मोटरसायकलच्या क्लचची वायर, एका टोकाला सरकती गाठ, दुसरं टोक बुंध्याला किंवा कुंपणाच्या खांबाला. लावतात रानडुकरासाठी, अडकतो बिबट्या. तो जितका धडपडतो तितकी तार कमरेत रुतते. वरून जखम दिसली नाही तरी आत इजा झालेली असू शकते. अशा वेळी 1926 वर वनविभागाला फोन कर आणि गर्दी मागे हटव, बाकी काही नको. रिकामी फासकी दिसली तरी हात लावण्याआधी फोटो काढ, जागेची नोंद घे.

शेतकऱ्याला मात्र शत्रू मानू नकोस. एका रात्रीत त्याचं उभं भात डुकरांनी आडवं केलेलं असतं, हे खरंच आहे. नुकसानभरपाईचा अर्ज भरायला त्याच्या शेजारी बस, पैसे मिळेपर्यंत पाठपुरावा कर, मगच ग्रामसभेत फासकी न लावण्याच्या ठरावाचा विषय काढ. मग फासकी कुठे लागलीय हे गावातलेच लोक तुला येऊन सांगतील.