सिम्युलिंकमध्ये (आकृती जोडून यंत्रणेचे मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) अनेक सिग्नल एकत्र नेताना मक्स वापरावा की बस?

शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीच्या इंडक्शन भट्टीचे मॉडेल करताना तापमान, वीजप्रवाह, थंड पाण्याचा दाब आणि झाकण बंद असल्याची खूण हे सारे आपण एकाच मक्समध्ये घातले आहे, आणि अडचण तिथेच आहे. मक्स एकाच डेटा टाइपच्या (संख्या, हो-नाही अशा माहितीच्या प्रकाराच्या) सिग्नलांचा व्हेक्टर, म्हणजे एक रांग, बनवतो; इथे तापमान ही संख्या, तर झाकणाची खूण हो-नाही अशी आहे. बस क्रिएटर मात्र निरनिराळ्या टाइपचे सिग्नल नावानिशी एकत्र ठेवून त्यांची बस बनवतो आणि बस सिलेक्टरने त्यांतला हवा तो नावानेच काढता येतो. म्हणून आधी प्रत्येक सिग्नलला नाव द्यावे (इथला कंटाळा पुढे महागात पडतो), मग विद्युत आणि शीतकरण अशा दोन छोट्या बस करून त्या मोठ्या बसमध्ये घालाव्यात. मॉडेलमधून सी भाषेतला कोड काढायचा असल्यास बस ऑब्जेक्टची (बसमधल्या सिग्नलांची नावे आणि टाइप सांगणाऱ्या नोंदीची) व्याख्या करून बस नॉनव्हर्च्युअल ठेवावी, म्हणजे कोडमध्ये तिचे स्ट्रक्चर (निरनिराळ्या टाइपच्या नावे दिलेल्या घटकांचा एकत्र गट) तयार होते. व्हर्च्युअल बस ही केवळ आकृतीतली सोय असते.