‘संडासातल्या गोष्टी बोलायच्या कशा?’ : एका कारखान्यातील समुपदेशन अनुभव

माणसे सांभाळण्याचे काम करणारे लोक, मग ते दालमिलचे मुकादम असोत, कारखान्याचे कार्मिक अधिकारी असोत किंवा एखाद्या पतपेढीचे शाखाधिकारी असोत, माझ्याकडे आले की एक प्रश्न बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारतात. सगळ्यांच्या वापरातल्या स्वच्छतागृहात कोणी कर्मचारी गैर वागतो आहे, इतरांना त्याचा त्रास होतो आहे, परंतु हा विषय त्याच्यापाशी काढायचा कसा? उशिरा येण्याबद्दल किंवा कामातल्या चुकीबद्दल सुनावणे त्यांना जमते. या विषयावर मात्र जीभ अडखळते, आणि मग एक तर महिनोन्‌महिने काहीच बोलले जात नाही किंवा एके दिवशी सर्वांदेखत भलतेच बोलले जाते. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातला अनुभव येथे मांडते. तो संबंधितांच्या संमतीने लिहिला आहे आणि ओळख पटू नये म्हणून नावे व काही तपशील बदलले आहेत.

सुभाषभाऊ प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात कार्मिक विभाग पाहात होते. एप्रिलच्या अखेरीस ते आले, तेव्हा त्यांनी एक नोटीस लिहूनच आणली होती आणि तिची भाषा मी तपासून द्यावी एवढीच त्यांची अपेक्षा होती. स्वच्छतागृहाचा गैरवापर आढळला तर त्या पाळीतल्या सर्वांचा एक दिवसाचा पगार कापला जाईल, किल्ली फोरमनकडे राहील आणि आत जाण्याची व बाहेर येण्याची वेळ वहीत लिहावी लागेल, असा तिचा आशय होता. नेमके काय घडले, असे विचारल्यावर त्यांनी जमिनीकडे पाहात एकामागून एक गोष्टी सांगितल्या. भांड्यात पाणी सोडले जात नाही, कमोडच्या कडेवर चपलांचे ठसे असतात, हात धुण्याच्या बेसिनमध्ये गुटख्याच्या पिचकाऱ्या असतात, एक जुना यंत्रचालक अर्धा अर्धा तास आत बसतो. शेवटी, जवळजवळ सहज म्हणून, त्यांनी सांगितले की पॅकिंगमधल्या एका मुलीला वरच्या झरोक्यात कोणाचा तरी मोबाईल दिसला असे ती म्हणते.

त्यांना मी तेथेच थांबवले. पहिल्या चार गोष्टी आणि ही पाचवी यांची जात वेगळी आहे, आणि त्या एका नोटिशीत बसवल्या तर सर्वांत गंभीर गोष्ट सर्वांत किरकोळ गोष्टीच्या पातळीवर येऊन बसते, हे त्यांना स्पष्ट सांगणे भाग होते. शौचालयात असलेल्या स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच दोषसिद्धीला किमान १ वर्षाचा आणि कमाल ३ वर्षांचा कारावास व दंड सांगितला आहे. कामाच्या ठिकाणी घडल्यामुळे २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालीही ती तक्रार होते. समुपदेशनाने, समज देऊन किंवा शेठजींच्या केबिनमध्ये कान पिळून मिटवण्याची ही बाब नाही.

सुभाषभाऊ वाईट मनाचे गृहस्थ नव्हते. त्या मुलीचे नाव गावभर होऊ नये, या काळजीनेच ते ‘पोराला दम देतो, मोबाईल हिसकावून जे असेल ते पुसून टाकतो’ असे म्हणत होते. परंतु पुसून टाकले की तिच्या हातात काहीच उरत नाही, आणि दुसऱ्याचा मोबाईल जबरदस्तीने तपासणे हे त्यांचे कामही नाही. कोणी काय पाहिले, कोणत्या वेळी पाहिले, झरोक्याच्या मागे कोणता रस्ता आहे, त्या वेळी कोण यंत्रावर नव्हते, एवढे त्यांनी तारखेनिशी लिहून ठेवावे आणि पुढचे त्या मुलीला विचारून करावे, असे आमचे ठरले.

ती मुलगी, तिला आपण रेखा म्हणू, दोन दिवसांनी आपल्या आत्याला घेऊन आली. तिचे पहिले वाक्य होते, ‘ताई, मन्हं नाव सांगू नका.’ घरी कळले तर कामावर जाणे बंद होईल आणि पाठच्या बहिणीचे शिक्षणही त्यातच अडेल, ही तिची भीती होती, आणि ती अवाजवी नव्हती. तिच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. बायकांचे स्वच्छतागृह कित्येक महिन्यांपासून तुंबलेले असल्यामुळे बायका आणि पुरुष ऑफिसजवळचे एकच स्वच्छतागृह वापरत होते, आणि त्या प्रसंगानंतर रेखाने पाणी पिणेच कमी केले होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडखाली तर अंगाची लाही होते. अशा दिवसांत सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत लघवीला न जाण्यासाठी ती घोटभर पाण्यावर राहात होती. लघवीला जळजळ होऊ लागली होती आणि तेही तिने कोणाला सांगितले नव्हते. तिला आधी डॉक्टरांकडे पाठवले. कारखान्यांत, शेतमालाच्या गोदामांत आणि शाळांतही मला अशा कितीतरी बायका भेटतात, आणि जाण्यायोग्य जागा नाही म्हणून तहान मारणे हे त्यांना इतके सवयीचे झालेले असते की ती तक्रार म्हणून त्यांच्या तोंडून कधी येतच नाही.

रेखाला काय करायचे ते मी सांगितले नाही. तिला कोणकोणते रस्ते मोकळे आहेत ते सांगितले. २०१३ च्या त्या कायद्याप्रमाणे जेथे १० किंवा अधिक कर्मचारी आहेत तेथे अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा असतो. यापेक्षा लहान आस्थापनेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, लिहिणे जमत नसेल तर समितीने मदत करायची असते आणि चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते. तिच्या दृष्टीने मोलाची गोष्ट कलम १६ मधली होती, ती म्हणजे तक्रारदाराचे नाव, पत्ता आणि चौकशीतला मजकूर उघड करण्यास कायद्यानेच मनाई आहे. आणि तडजोड हवी असेल तर ती फक्त तिच्या मागणीवरून होते व पैसे देऊन होत नाही. हे ऐकल्यावर आत्याबाईंनी प्रथमच मान वर करून पाहिले, कारण ‘काही रक्कम घेऊन मिटवा’ असा निरोप त्यांच्यापर्यंत आधीच कोणीतरी पोहोचवला होता.

कारखान्यातली समिती कागदावरच होती. ती रीतसर नेमण्यात आठवडा गेला. मग रेखाने तक्रार दिली. चौकशी चालू असेपर्यंत ज्याच्यावर आरोप होता त्या तरुणाची पाळी समितीच्या शिफारशीवरून बदलण्यात आली, तिची नाही. अनेक ठिकाणी नेमके उलट होते आणि तक्रार करणारीलाच हलवले जाते, म्हणून या मुद्द्यावर मी सुभाषभाऊंशी आग्रहाने बोलले होते. त्या तरुणाचेही म्हणणे पूर्ण ऐकून घेतले गेले, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी त्याला मिळाली. आरोप सिद्ध झाला आणि त्याला कामावरून काढण्यात आले. पोलिसांत जायचे की नाही याचा विचार रेखाने पुष्कळ दिवस केला व शेवटी ती आत्याबरोबर गेली. तो निर्णय तिचा होता आणि तिने तो घेतल्यावर कारखान्याने तिला साहाय्य करणे हे कर्तव्यच होते.

उरलेल्या गोष्टींकडे आता येते. चपलांच्या ठशांबद्दल सुभाषभाऊंनी मनाशी माणसे ठरवून टाकली होती. सातपुड्याच्या पायथ्याकडून, चोपडा-यावलच्या बाजूने आलेले काही पावरा आदिवासी तरुण तेथे कामाला होते, आणि ‘त्यांना सवय नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून दोनदा आले. तुम्ही स्वतः कोणाला पाहिले का, या प्रश्नाला उत्तर नव्हते. कोणीच कोणाला पाहिले नव्हते. घाणीचा विषय निघाला की आपल्या समाजात बोट आपोआप ठराविक माणसांकडे वळते, आणि अधिकाऱ्याने त्या बोटाच्या दिशेने चालू लागणे हा स्वच्छतागृहात घडणाऱ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा मोठा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. सार्वजनिक कमोडला अंग लागू नये म्हणून त्यावर उकिडवे बसणारे लोक सर्व थरांत असतात. उपाय साधा होता. दोनपैकी एका जागी भारतीय पद्धतीचे भांडे बसवल्यावर ठसे थांबले आणि ते कोणाचे होते हे शोधण्याची गरजच उरली नाही.

पाणी न सोडण्याचे कारण तर आणखी साधे निघाले. दुपारच्या पाळीत टाकी रिकामी होत असे. हे सफाईचे काम करणाऱ्या मावशींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, परंतु या सगळ्या काळात त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्यांना हातमोजे नव्हते, ब्रश झिजलेला होता, आणि ज्या घाणीची चर्चा केबिनमध्ये चालली होती ती रोज त्यांच्याच हातून निघत होती. पुरेशी, उजेडाची, हवेशीर आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे ठेवण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १९ ने मालकावर घातली, आणि महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांनी दर २५ स्त्रियांमागे किमान एक शौचालय ठरवून दिले. कामगारांच्या सवयींवर बोलण्याआधी हा हिशेब मालकाने स्वतःशी करायला हवा.

अर्धा तास आत बसणाऱ्या यंत्रचालकाशी बोलणे सुभाषभाऊंना सर्वांत अवघड वाटत होते, म्हणून तो संवाद आम्ही माझ्या खोलीत बोलून पाहिला. त्यांचे पहिले वाक्य होते, ‘नाना, तुम्ही आत बसून काय करता, सगळे हसतात.’ या वाक्याने नाना एक तर चिडले असते किंवा दुसऱ्या दिवसापासून पोट दाबून उभे राहिले असते. अशा वेळी एकांतात बोलावे, इतरांचा हवाला देऊ नये, जे दिसले तेवढेच सांगावे, कारण विचारावे पण आजाराचे नाव सांगण्याची सक्ती करू नये. पुष्कळ प्रयत्नांनंतर वाक्य असे झाले: ‘नाना, या आठवड्यात तीन वेळा तुमचे यंत्र बराच वेळ बंद राहिले. तब्येतीची काही अडचण असेल तर सांगा, सगळे सांगायलाच पाहिजे असे नाही. आपण बदली माणसाची सोय करू.’ नाना थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की लघवी अडखळत होते, पुरी झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून तेथेच थांबावे लागते. डॉक्टरांनी प्रोस्टेटची वाढ सांगितली आणि उपचार सुरू झाले. ज्या वहीत वेळ लिहायची होती त्या वहीत या माणसाचे दुखणे रोज सर्वांसमोर मांडले गेले असते. मूळव्याध, मधुमेह, आतड्यांचे विकार, पाळीचा त्रास, पुन्हा पुन्हा हात धुण्यास भाग पाडणारा मंत्रचळ, या सगळ्यांचे बाहेरून दिसणारे रूप ‘जास्त वेळ आत बसणे’ हेच असते.

किल्लीचा आणि पगारकपातीचा बेत सुभाषभाऊंनी सोडला. एकाच्या चुकीसाठी सगळ्या पाळीचा पगार कापणे कायद्यात बसत नाही, आणि जे नीट वागतात ते अशा शिक्षेने दुखावतात व जो चुकतो तो गर्दीत लपतो. दाराशी कॅमेरा लावण्याचा विचारही, रेखाच्या प्रसंगानंतर बायकांना त्याने काय वाटेल हे लक्षात आल्यावर, मागे पडला. झरोक्याला बारीक जाळी व दुधी काच बसली, मागच्या बोळाला फाटक लागले, बायकांचे स्वच्छतागृह दुरुस्त होऊन आतून नीट लागणारी कडी आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा आला.

गुटख्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तो खाणारी मुले आहेत. मावशींनी आणि फोरमनने एका मुलाला बेसिनमध्ये थुंकताना प्रत्यक्ष पाहिले होते. सुभाषभाऊ त्याच्याशी एकांतात बोलले, त्याने कबूल केले, बेसिन स्वतः धुतले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच केले. आता काय करू, असे विचारायला सुभाषभाऊंचा फोन आला, तेव्हा समज एकदा देऊन झाली आहे, तारीख आणि साक्षीदार आहेत, म्हणून त्याचा खुलासा घेऊन लेखी ताकीद द्यावी, असे मी सांगितले. सोबत व्यसनमुक्तीसाठी त्याला माझ्याकडे पाठवायला सांगितले. ताकीद दिली गेली आहे आणि तो मुलगा पुढच्या सोमवारी येणार आहे.