यूएसडीटी पीटूपीवर विकण्यात नेमका धोका काय?

तुमचा कळव्याचा मित्र म्हणतो, यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) घेऊन ठेव, कुणाला नाव कळत नाही, गरज पडली की पीटूपीवर, म्हणजे ॲपवरून थेट दुसऱ्या माणसाला, विकून टाक. यात भीती कसली, असं तुम्ही विचारलंय. माझ्या धाकट्या भावाचं काय झालं ते सांगते.

तो ऐरोलीला राहतो. गेल्या वर्षी त्याने एका अनोळखी माणसाला यूएसडीटी विकले, ४० हजार रुपये यूपीआयने आले, विषय संपला असं त्याला वाटलं. तीन आठवड्यांनी घरभाडं जाईना. बँकेत कळलं, परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठवलंय. ते ४० हजार कुणाला तरी फसवून उकळलेले होते. त्या बिचाऱ्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैशाचा माग भावाच्या खात्यापर्यंत आला. घेणाऱ्याचं भावाकडे काय होतं? एक टोपणनाव आणि चॅटचे स्क्रीनशॉट. पगारही त्याच खात्यात अडकला. पुतणीची फी आईने भरली. दोन महिने मेल, अर्ज, फोन करून खातं सुटलं, ४० हजारांवरचा होल्ड अजून तसाच आहे.

म्हणजे निनावी राहिला तो समोरचा. तुमचं पॅन, मोबाइल नंबर, खातं सगळं नोंदलेलंच असतं. बिटकॉइनचंही तेच: २००९ पासूनचा प्रत्येक व्यवहार कुणालाही वाचता येईल अशा वहीत आहे, तुमच्या वॉलेटचा पत्ता एकदा नावाशी जुळला की मागचं सगळं उघडं. मोनेरो हे नाणं खरोखर माग लपवतं, पण बायनान्स या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजने (खरेदी-विक्रीच्या बाजाराने) फेब्रुवारी २०२४ मध्ये ते यादीतून काढलं. अशी नाणी विकायला पुन्हा अनोळखी माणसंच शोधावी लागतात.

कराचंही मित्राला विचारा. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर सेस, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

तरी घ्यायचेच असतील तर एफआययूकडे (संशयास्पद पैशांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर, केवायसी करून घ्या आणि तिथेच विका. पीटूपीवर आधीच विकले असतील तर ऑर्डर नंबर, यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक) आणि चॅट आजच जपून ठेवा. भावाने ॲप काढून टाकलं होतं, निम्मा पुरावा त्यातच गेला.